जावयाने पाडलेला उजेड

त्याला सगळे काटकोन म्हणत. तोंडावर नव्हे, तोंडावर 'मिस्त्री', आणि मिस्त्रीची पाठ वळली की काटकोन. उभा जन्म लोकांच्या घरांना दारं-खिडक्या बसवण्यात गेला, आणि तेवढ्या जन्मात स्वतःचं सोडून एकाही माणसाचं काम त्याला पसंत पडलं नाही. कोणाकडे गेला तर चहाचा कप हातात यायच्या आधी ह्याची नजर चौकटीवर जायची. "कोणी बसवलं हे?" असं विचारायचं, नाव ऐकून घ्यायचं आणि नाकातून नुसतं "हं" काढायचं. त्या 'हं'पायी सख्ख्या मेहुण्याने त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. बायको होती तेव्हा ती घरातून निघतानाच बजावायची, "तिथं गेल्यावर वर बघू नका, मान खाली घालून बसा." हा मान खाली घालून बसायचा आणि फरशीला नावं ठेवायचा.

बायको गेली, गुडघे कुरकुरायला लागले, आणि लेकीने त्याला आपल्या घरी आणलं. घर दुसऱ्या मजल्यावर, चारचौघांच्या घरासारखं. पुढे बैठकीची खोली, मग स्वयंपाकघर, मग एक अरुंद पॅसेज, पॅसेजच्या टोकाला बाथरूम आणि त्याच्या अलीकडे डाव्या हाताला काटकोनाची खोली. ही खोली पूर्वी अडगळीची होती, म्हणून तिला दार नव्हतं, पडदा होता. जन्मभर दुसऱ्यांच्या अब्रूला दारं लावणारा माणूस म्हातारपणी पडद्याआड राहायला आला. त्याने तक्रार केली नाही. केली ती एवढीच की पडद्याची दांडी तिरकी आहे.

दार लावून कडी घालावी अशी जागा त्याला अख्ख्या घरात एकच उरली, ती म्हणजे बाथरूम. तिथली कडी पत्र्याची, खुळखुळणारी होती. काटकोनाने आल्या आल्या ती उपटून फेकली आणि आपल्या जुन्या घरून आणलेली पितळी कडी तिथे बसवली. ती सरकवली की 'खट्' असा एकच घट्ट आवाज यायचा, आणि त्या आवाजापलीकडे लेक, जावई, टीव्ही, शेजारी, सगळं जग राहायचं. आत तो चांगला वेळ काढायचा. बाहेर कोणी खोळंबलं तर खोळंबलं.

उन्हाळा लागायच्या सुमाराला एका सकाळी तो आत पडला.

हल्ली मान वर केली की त्याचं डोकं गरगरायचं. बाथरूमच्या दिव्याचं बटण बाहेर, दाराच्या उजव्या बाजूला, जुन्या पद्धतीने चांगलं डोक्याच्या वर बसवलेलं होतं. हात आणि हनुवटी वर करून त्याने बटण दाबलं, आत गेला, कडी घातली, आणि भिंती फिरल्या. शुद्ध आली तेव्हा तो फरशीवर होता, पाठ दाराला टेकलेली, बादली लवंडलेली, कपडे मागून चिंब. बाहेरून लेक हाका मारत होती. जावई दार ढकलून बघत होता आणि त्याचा हादरा ह्याच्या पाठीत बसत होता. दार आत उघडणारं, आणि आतून त्याला एका माणसाचं ओझं लागलेलं. कडी तुटली असती तरी ते उघडलं नसतं.

"बाबा! काय झालं? दार उघडा ना!"

"साबण पडला," काटकोन आतून म्हणाला. "माणसाने आता साबणसुद्धा उचलू नये का?"

मग तो नळाला धरून कसाबसा उठला, अंगावर पाणी घेतलं, बाहेर आला, आणि आल्या आल्या चहा गार झाल्याबद्दल लेकीला बोलला. लेक म्हणाली, गरम करून देते. विषय तिथे संपला.

मरणाची त्याला धास्ती नव्हती. धास्ती होती ती वेगळीच. त्याच्या जोडीने कामं केलेला एक रंगारी होता. तो असाच एकदा पडला, तर मुलांनी दुसऱ्याच दिवशी बाथरूमची कडी काढून टाकली. आता रंगारी आत गेला की सून बाहेर उभी राहते आणि घडोघडी विचारते, "झालं का, मामा?" ही गोष्ट ऐकली तेव्हा काटकोन पोट धरून हसला होता. आता हसू येत नव्हतं. घरात कळलं की आपलीही कडी जाणार. मग इकडे पडदा आणि तिकडे उघडं दार, म्हणजे आपण भाजी मंडईत राहायला गेल्यासारखेच. म्हणून तो गप्प राहिला, डाव्या हाताने भिंत धरून उजव्याने बटण दाबायला शिकला, आणि लेकीचा चेहरा चोरून वाचत राहिला. तिच्या चेहऱ्यावर त्याला काही सापडलं नाही. साबणाची थाप पचली, असं त्याने ठरवून टाकलं.

आता जावयाबद्दल. जावई चष्म्याच्या दुकानात कामाला होता. लोकांच्या नाकांवर चष्मे बसवायचे, काड्या वाकवायच्या, मोहरीएवढे स्क्रू फिरवायचे. काटकोनाच्या लेखी हे काम नव्हेच, ही भातुकली. त्यातून जावई स्वभावाने मऊ. कशालाही नाही म्हणायचा नाही, कोणाशी आवाज चढवायचा नाही, आणि बोलायला काही सुचलं नाही की स्वतःचा चष्मा पुसत बसायचा. काटकोन त्याला अगदी रीतसर 'जावईबापू' म्हणायचा, पण त्यातल्या 'बापू'वर असा जोर द्यायचा की त्यापेक्षा शिवी परवडली.

तर एका रविवारी ह्या जावईबापूंनी शेजारच्याकडून ड्रिल मागून आणलं आणि बाथरूमचं दार चौकटीतून उतरवलं.

काटकोन पडदा सारून बाहेर आला. दार भिंतीला आडवं टेकलेलं, आणि जावई त्याच्यापुढे मांडी घालून पितळी कडीचे स्क्रू काढत होता.

"हे काय चाललंय?"

"दार फिरवतोय, बाबा. बाहेर उघडेल असं करतो. आत जागा फारच कमी पडते."

"आणि कडी?"

"कडी परत लावणार ना," जावई म्हणाला आणि काढलेली कडी त्याने घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवली.

काटकोनाचा विश्वास बसला नाही. तो खुर्ची ओढून पॅसेजच्या तोंडाशी बसला आणि दिवसभर त्या टॉवेलवरची नजर त्याने काढली नाही. जेवायलासुद्धा ताट तिथेच मागवलं. संध्याकाळी दार उभं राहिलं आणि जावयाने कडी तिच्या जागी बसवली. अख्ख्या कामात तेवढीच एक गोष्ट सरळ बसली होती. काटकोन आत गेला, कडी सरकवली. खट्. दोनदा सरकवून पाहिली. म्हणजे ह्यांना काही कळलेलं नाही, दार फिरवलं ते नुसत्या मूर्खपणाने!

त्याचा जीव भांड्यात पडला आणि तोंड सुटलं.

"हे दार आहे? जन्मात मी बाथरूमचं दार बाहेर उघडणारं बसवलं नाही. पॅसेज दोन हात रुंद, त्यात हे फाटक! चौकटीला दार बसायची खाच आतल्या बाजूला, म्हणून बाहेरून पट्टी ठोकली, का? पट्टीखालून उजेड येतोय तो दिसतो का चष्म्यातून? आणि बिजागऱ्या! बिजागऱ्यांच्या खिळी बाहेरच्या अंगाला! अहो, शिकाऊ माणूसही हे करत नाही. बाहेरून खीळ उपटली की कडीसकट दार हातात येतं. चोराची सोय करून ठेवलीत!"

"बाथरूममध्ये चोर कशाला येईल, बाबा?"

"साबण न्यायला!" काटकोन गरजला, आणि लगेच त्याने जीभ चावली. भलताच शब्द तोंडातून गेला होता. पण जावई चष्मा पुसत होता आणि लेक स्वयंपाकघरात होती. कोणाच्या काही लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी तर काटकोनाच्या हाती घबाडच लागलं. बाथरूम वाळावं म्हणून लेक दार सताड उघडं ठेवायची. आता ते बाहेर उघडून उजवीकडच्या भिंतीला जाऊन चिकटायचं, आणि दिव्याचं बटण नेमकं त्याच भिंतीवर. म्हणजे बटण दाराआड. दिवा लावायचा तर आधी दार ओढून लावा, मग बटण दाबा, मग दार पुन्हा उघडा, आत जा, आणि दार पुन्हा लावा. काटकोनाने ही सगळी कवायत लेकीला करून दाखवली, मग जावयाला, मग वर्तमानपत्राचं वाचून झालेलं पान मागायला आलेल्या शेजाऱ्याला.

"वा, जावईबापू!" तो प्रत्येक वेळी शेवटी म्हणायचा. "काय उजेड पाडलात!"

हे वाक्य त्याला इतकं आवडलं की त्याने ते फोनवर रंगाऱ्यालाही ऐकवलं. रंगारी बिचारा हसला, मग त्याला आतून सून काहीतरी विचारू लागली आणि त्याने फोन ठेवला. काटकोनाला त्याची कीव आली. आपली कडी शाबूत आहे ह्या आनंदात तो जावयाला आणखीनच घालून पाडून बोलू लागला. जावई हसण्यावारी न्यायचा. हसण्यावारी नेणाऱ्या माणसाचा अपमान करायचा म्हणजे फार मेहनत पडते, पण काटकोन मेहनतीला कधी मागे हटला नव्हता.

"बाबा, बटण हलवायचंच आहे," लेक एकदा वैतागून म्हणाली. "वायरमनला सांगितलंय."

"असं का? म्हणजे चुकीला आता वायर जोडणार!"

वायरमन यायच्या आदल्या दिवशी जावई त्याच्याकडे आला. बाथरूमच्या दाराच्या डाव्या बाजूला, काटकोनाच्या पडद्याला लागून, हातभर भिंत होती. नवं बटण तिथे यायचं होतं.

"बाबा, ही भिंत सरळ आहे का, जरा सांगता? ओळंबा काही मिळाला नाही."

काटकोनाची एक जुनी फुशारकी होती, की भिंत सरळ आहे का वाकडी हे तो नुसती पाठ लावून सांगतो. इतक्या वर्षांत तिची आठवण कोणी काढली नव्हती. तो फुगला. भिंतीला पाठ, टाचा आणि डोकं टेकून, डोळे मिटून, हात सैल सोडून तो उभा राहिला. मनगटापाशी काहीतरी खरखरलं, तिकडे त्याने लक्ष दिलं नाही.

"पोट सुटलंय भिंतीला," त्याने निकाल दिला. "गवंडी डुलक्या घेत असणार."

"बरं झालं विचारलं," जावई म्हणाला आणि पेन्सिल खिशात टाकली. काटकोनाने वळून पाहिलं तर भिंतीवर एक रेघ होती. "रेघ तरी सरळ मारायची," तो म्हणाला.

वायरमन आला तो मशीन लावून थेट त्या रेघेवरच भिंत कापायला बसला. पॅसेजभर धुरळा झाला. काटकोन रुमाल नाकाला लावून मागे उभा राहिला.

"अरे बाबा, एवढ्या खाली? हे घर आहे का बालवाडी?"

"मिस्त्री, मला जिथं खूण दिली तिथं मी बोर्ड बसवतो. खूण तुमच्या जावयांची आहे."

"त्यांच्या खुणेने चालायचं तर बटण उद्या फरशीवर येईल. बटण डोक्याशी असतं. फार तर छातीशी."

"ते म्हणाले, चालता चालता लागायला पाहिजे. हात न उचलता."

"हात न उचलता!" काटकोनाने कपाळाला हात लावला. "ऐकलंस का गं? तुझ्या नवऱ्याला आता हात उचलायचेही कष्ट होतात!"

लेकीने ऐकलं होतं. ती झाडू घेऊन धुरळा लोटत राहिली.

जुनं बटण गेलं, त्या जागी वायरमनने झाकण ठोकलं. नवं बटण लागलं, दिवा पेटला, आणि काटकोनाने "हं" केलं. पण सकाळी पडद्यातून बाहेर पाऊल टाकलं की त्याचा लोंबता हात आपसूक त्या बटणावर जायचा, मान वर करावी लागायची नाही आणि भिंत धरावी लागायची नाही. हल्ली सकाळी गरगरत नाही, हे त्याच्याही ध्यानात आलं. त्याचं श्रेय त्याने हवा बदलल्याला दिलं.

पुढे एका संध्याकाळी तो पाय मोकळे करून परत आला तर पॅसेजमधून टक् टक् आवाज येत होता. बाथरूमचं दार लागलेलं, वर एका बाजूने चौकटीपासून सुटून वाकलेलं, आणि जावई त्याच्यापुढे गुडघ्यांवर बसून खालच्या बिजागरीशी झगडत होता. एका हातात स्क्रूड्रायव्हर, एका हातात हातोडी, कपाळावरून घाम गळत होता. सासऱ्याला पाहून तो दचकला.

"काय झालं?"

"काही नाही, बाबा. जरा दार अडकलंय."

"आत कोण आहे?"

"मी," आतून लेकीचा आवाज आला. आवाज कुठून तरी खालून आल्यासारखा होता.

काटकोनाला क्षणभर काही उमगेना, आणि उमगलं तसं तो भिंतीला टेकून हसू लागला. हसता हसता त्याला ठसका लागला. चष्मेवाल्याने स्वतःच्या बायकोला बाथरूममध्ये कोंडून घातलं होतं! आत कडी वाजली, जावयाने वाकडं दार दोन्ही हातांनी सावरून धरलं, आणि लेक त्याच्या फटीतून अंग चोरून बाहेर आली. तिचा गाऊन मानेपासून खालपर्यंत मागून ओला होता, केसही ओले.

"काय दिवे लावलेत, जावईबापू!" काटकोन डोळे पुसत म्हणाला. "नुसते दिवे!"

लेक हसली नाही. ती ओले केस पिळत कपडे बदलायला गेली. जावयाने दार पुन्हा बसवलं. त्या आठवड्यात काटकोनाने ही गोष्ट रंगाऱ्याला दोनदा सांगितली, आणि दुसऱ्यांदा सांगताना गाऊन किती ओला होता तेही सांगितलं.

शेवटी त्याला राहवेना. असलं काम डोळ्यांपुढे ठेवून जगायचं म्हणजे रोज खडा चावत जेवायचं. एका दुपारी लेक आणि जावई दोघंही कामावर असताना त्याने पलंगाखालून आपली हत्यारांची पिशवी ओढली, स्टूल घेतलं आणि दारापुढे ठाण मांडलं. बिजागऱ्या तरी आपण माणसासारख्या बसवू, मग संध्याकाळी त्यावरून चार शब्द सुनवू, असा बेत होता.

त्याने चष्मा लावला आणि पहिल्यांदा त्या बिजागऱ्या जवळून पाहिल्या.

ह्या जुन्या नव्हत्याच. जुन्या बिजागऱ्यांच्या खिळी दोन्ही टोकांना ठोकून बंद केलेल्या होत्या. ते काम त्याने आल्या दिवशीच पाहून ठेवलं होतं. ह्या नव्या बिजागऱ्यांच्या खिळींना वर टोपी होती, खालून ठोकलं की खीळ वर निघेल अशी. असल्या बिजागऱ्या कोणी चुकून आणत नाही. दुकानात त्या मागून घ्याव्या लागतात. तिन्ही टोप्यांच्या कडांवर स्क्रूड्रायव्हरचे ताजे ओरखडे होते, आणि ओरखडे एकावर एक होते. कोणीतरी ह्या खिळी काढायची सवय करत होतं.

बाहेरून खीळ उपटली की कडीसकट दार हातात येतं. त्याचेच शब्द. आतून कडी घातलेली असताना बाहेरून दार कोणाला काढावं लागतं? चोराला लागतं. आणि आत कोणी पडलं असेल तर लागतं.

काटकोन स्टुलावर बसून राहिला. दार बाहेर का फिरवलं ते आता त्याला कोणी सांगायला नको होतं. पाठ लावून पडलेल्या माणसावर आत उघडणारं दार उघडत नाही. त्याने डावीकडे पाहिलं. बसल्या जागेवरून उठून तो भिंतीला पाठ लावून उभा राहिला, हात सैल सोडले, आणि त्याचं मनगट बटणाला टेकलं. रेघ भिंतीची नव्हती, त्याची होती. पडद्यातून निघताना आपण मान वर करायची टाळतो, भिंत धरतो, हे त्या पोरीने पाहिलं होतं. साबणाची थाप पचली नव्हती, पहिल्या सकाळपासून पचली नव्हती. आणि कडी? कडी काढून टाकणं सगळ्यांत सोपं होतं, पाच मिनिटांचं काम. ती ह्यांनी काढली नाही. ती राहावी म्हणून एवढं सगळं उलटंपालटं केलं, आणि वर त्याचं बोलणं खाल्लं.

मग त्याला गाऊन आठवला. तो का ओला होता ते त्याला कळलं. ती आत कोंडली गेली नव्हती. ती कडी घालून फरशीवर, तो पडला होता तिथेच, त्याच्या जागी आडवी झाली होती, नवऱ्याला दार काढायला किती वेळ लागतो ते बघायला. आणि तो बाहेर उभा राहून हसला होता.

काटकोनाला लाज वाटली. ती भावना त्याच्या ओळखीची नव्हती, त्यामुळे आधी त्याला वाटलं की पुन्हा गरगरतंय. मग राग आला. सगळं ठाऊक असून ह्या दोघांनी आपल्याला बडबडू दिलं, शेजाऱ्यापाजाऱ्यांपुढे कवायती करू दिल्या! त्या रागाच्या भरात त्याने खालच्या बिजागरीवरचे ओरखडे पुन्हा पाहिले. ते सगळ्यांत खोल होते. वरच्या खिळीवर त्या मानाने काहीच नव्हतं.

"वरची आधी काढली गाढवाने," तो मोठ्याने म्हणाला. घरात कोणी नव्हतं, तरी म्हणाला.

वरची खीळ आधी काढली की दाराचं सगळं वजन तिरपं होतं आणि खालची खीळ आवळून बसते. म्हणून तर त्या संध्याकाळी दार निघालं नाही. हे कोणीही सांगितलं असतं, पण विचारायचं कोणाला? घरात सांगणारा एकच होता, आणि त्यालाच विचारायची सोय नव्हती. काटकोनाने एकेक खीळ ठोकून बाहेर काढली. तिन्ही कोरड्या, करकरणाऱ्या. स्क्रू लाकडात सहज जावा म्हणून तो जन्मभर त्याला साबण लावत आला होता. तो बाथरूममध्ये गेला, साबण घेऊन आला, आणि प्रत्येक खीळ साबणावर घासघासून परत घातली. साबणाची वडी अर्धी झाली. मग त्याने बटणाच्या खाली एक खिळा मारला आणि त्यावर आपली जुनी हातोडी आणि खीळ खालून ठोकायला एक बोथट पटाशी टांगली. पटाशी सरळ लोंबते का, तेही पाहिलं.

संध्याकाळी दोघं आले. लेक चपला काढत होती.

"जावईबापू, इकडे या."

ह्या वेळी 'बापू'वर जोर नव्हता, त्यामुळे जावई घाबरला. तो पॅसेजमध्ये आला. त्याने खिळ्यावरची हातोडी पाहिली, बिजागऱ्यांवरचा पांढरा साबण पाहिला, आणि त्याचा हात चष्म्याकडे गेला.

"चष्मा राहू द्या. मी आत जातो, कडी घालतो. तुम्ही दार काढा."

"बाबा, अहो कशाला..." लेक पुढे आली.

"तू गप्प बस. तू ओल्यात निजलीस तेवढं पुष्कळ झालं."

लेक जागच्या जागी थांबली. काटकोन अंधाऱ्या बाथरूममध्ये गेला, दार ओढलं, कडी सरकवली. खट्. मग नळाला धरून, गुडघ्यांना शिव्या देत तो हळूहळू खाली बसला आणि फरशीवर आडवा झाला. फरशी ओली होती. खालून दार केवढं तरी उंच दिसत होतं.

"पडलो!" त्याने आतून सांगितलं.

बाहेर काही हालचाल नाही.

"अहो, पडलो म्हणतोय ना!"

"हो, बाबा. लागलं का?"

"पडलेला माणूस बोलत नसतो! आधी दिवा लावा, अंधारात मला तुडवणार आहात का? हां. आता खालची खीळ. खालची! वरची शेवटी. खालून ठोका, वर निघेल. दारावर कशाला ठोकताय, दाराने काय केलंय तुमचं? आता मधली. आता दार पोटाने रेटून धरा आणि मग वरची. पोट नाही तुम्हाला, ठीक आहे, खांद्याने धरा. बिजागरीकडून ओढा, कडीकडून नाही. सावकाश! माझी कडी वाकेल!"

दार हललं, बिजागरीकडून सुटलं, आणि कडी आपल्या घरातून अलगद बाहेर सरकली. जावयाने दार छातीशी धरून बाजूला केलं.

"सरळ टेकवा ते. नुसतं फेकू नका."

जावयाने ते सरळ टेकवलं आणि तो चौकटीत येऊन उभा राहिला. त्याच्या मागे लेक होती, तोंडावर हात दाबून. काटकोन फरशीवरून त्यांच्याकडे बघत होता. पाठ भिजली होती, आणि बघायला मान वर करावी लागत होती.

"फार वेळ लावलात," तो म्हणाला. मग म्हणाला, "त्या दिवशी साबण पडला नव्हता."

"हं," जावई नाकातून म्हणाला, आणि वाकून त्याने सासऱ्याला हात दिला.